अरे, लिंक पाठव!

आमच्या मित्रमंडळींत प्रत्येकाच्या गळ्यात एकेक लोढणं आहे. बँकवाल्याच्या गळ्यात शेअर बाजाराचं, सेक्रेटरीच्या गळ्यात सोसायटीचं, प्राध्यापकांच्या गळ्यात शास्त्रीय संगीताचं आणि माझ्या गळ्यात आकाशवाणीचं. बाकीच्यांना आपलं लोढणं दुसऱ्याच्या गळ्यात सहज अडकवता येतं. शेअरची टिप पाठवता येते, पाण्याच्या टाकीतल्या शेवाळाचा फोटो पाठवता येतो, मैफलीचा व्हिडिओ पाठवता येतो. मी मात्र सकाळी रेडिओवर काहीतरी अफलातून ऐकतो, चहा गार होईपर्यंत त्याबद्दल ग्रुपवर लिहितो, आणि दुपारी जेवणाच्या सुमारास पहिलं उत्तर येतं : "अरे, लिंक पाठव!"

कुठली लिंक? लागलं, ऐकलं, संपलं. आता तिथे बाजारभाव चालू आहेत.

आमच्या वडिलांच्या काळी "रेडिओवर सांगितलं" एवढं म्हटलं की विषय संपायचा. रेडिओवरच्या वेळेला मनगटावरचं घड्याळ लावत. रेडिओ बाळगायला परवाना लागायचा आणि त्याचे पैसे दरवर्षी पोस्टात भरावे लागायचे. इतके सोपस्कार करून घरात आलेली वस्तू खोटं कशाला बोलेल? आता उलटं झालंय. परवा एका भाषणात ऐकलेलं मी ग्रुपवर टाकलं. आकाशवाणीची सभा सुरू होताना तंबोऱ्याच्या सुरांवर जी व्हायोलिनची धून वाजते, ती वॉल्टर कॉफमन नावाच्या संगीतकाराची. हा ज्यू माणूस युरोपातल्या नाझींच्या सावटामुळे प्रागहून 1934 मध्ये मुंबईत आला, मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्यानं सांभाळला, आणि जाताना मागे अशी धून ठेवून गेला की अर्ध्या देशानं वर्षानुवर्षं तिच्यावर दात घासले. मला हे वाचून (म्हणजे ऐकून, सवय वाईट) अंगावर काटा आला होता. बँकवाल्यानं विचारलं, "खरं आहे का हे? कुठे वाचलंस?" म्हटलं, वाचलं नाही, रेडिओवर ऐकलं. "म्हणजे पुरावा नाही," त्यानं निकाल दिला. याच बँकवाल्यानं आदल्या दिवशी लिंबाच्या बियांनी गुडघे नवे होतात असा मजकूर पाठवला होता. त्याला लिंक होती.

बरं, मी जे सांगतो ते तरी मला पूर्ण माहीत असावं ना! आकाशवाणीचे उद्घोषक फार शिस्तीचे. गायकाचं नाव, राग, साथीला कोण, सगळं सुरुवातीला सांगतात आणि शेवटी पुन्हा सांगतात. सुरुवात माझ्या हातून सुटलेली असते, कारण तेव्हा मी दूधवाल्याशी बोलत असतो. शेवटाची मी प्राण कंठाशी आणून वाट बघतो. तिहाई येते, सम येते, "आत्ता आपण ऐकत होता..." आणि नेमका त्याच क्षणी कुकर शिट्टी देतो. आमच्या घरातला कुकर एरवी मिनिटमिनिट फुसफुसत बसणारा, पण उद्घोषणेची वेळ त्यानं आजवर चुकवलेली नाही. शिट्टी थांबते तेव्हा "...तबल्याची साथ" एवढंच माझ्या वाट्याला येतं.

मग प्राध्यापकांना फोन. त्यांना मी ती बंदिश गुणगुणून दाखवतो. पलीकडे शांतता. मग एक दीर्घ उसासा.

"मारवा," प्राध्यापक म्हणतात.

"अहो, मारवा संध्याकाळचा राग, सकाळी आठ वाजता कसा असेल?"

"तेच म्हणतोय मी. आकाशवाणी सकाळी मारवा लावायची नाही. तेव्हा बिघाड तिकडे नाही, तुमच्या गळ्यात आहे. रेडिओवर होता तो राग सांगू की तुम्ही गायलात तो?"

प्राध्यापक या विषयात शिरले की बाहेर येत नाहीत. याच आकाशवाणीनं 1940 ते 1971 पेटीवर बंदी घातली होती, पेटीच्या ठोकळेबाज स्वरांतून आपल्या श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक फरक, निघत नाहीत म्हणून, हे ते मला फोन केला की ऐकवतात. शेवटी म्हणतात, "तुमच्या गळ्याचा विचार कुणी केला नाही एवढंच." असं बोलून ते फोन ठेवतात आणि माझ्या गायकाचं नाव काही कळत नाही.

यावर तोडगा म्हणून मी ध्वनिमुद्रण सुरू केलं. हे वाचायला सोपं वाटेल. पुणे केंद्र मध्यम लहरींवर 792 किलोहर्ट्झला लागतं, आणि मध्यम लहरींचा रेडिओ हा प्रकार आजच्या घरात नांदायला तयार नसतो. एलईडी दिवा लावला की तो गुरगुरतो, मोबाइलचा चार्जर लावला की शिट्ट्या मारतो, शेजाऱ्यांनी मिक्सर लावला तर त्यांची खोबऱ्याची चटणी आमच्या वाद्यवृंदात मिसळते. त्याच्या पोटात फेराइटची एक कांडी असते, तांब्याची तार गुंडाळलेली. कांडी केंद्राच्या दिशेला आडवी असली की आवाज खणखणीत, तिचं टोक केंद्राकडे वळलं की आवाज गायब. म्हणजे रेडिओ कुठे ठेवायचा हे गृहिणी ठरवत नाही, भूमिती ठरवते. आमच्या घरात ही भूमिती गॅलरीत, तुळशीच्या कुंडीशेजारी, थोड्या तिरक्या कोनात जमते. तिथे मी एका हातानं रेडिओ धरून, दुसऱ्या हातानं फोन त्याच्या तोंडाशी नेऊन, श्वास रोखून उभा राहतो. खालून जाणारे लोक वर बघतात. बायकोनं एकदा विचारलं, "अहो, त्याचं तापमान बघताय का?"

असं मुद्रित केलेलं रत्न मी ग्रुपवर टाकलं. श्रोत्यांचे अभिप्राय असे : "पोळीवाल्या बाई आल्या वाटतं तुमच्याकडे." "दूध उतू गेलं असं कोण म्हणालं? वहिनी का?" "मागे कुणीतरी गातंय, त्याला गप्प कर ना, वहिनींचं नीट ऐकू येत नाही."

सेक्रेटरी एक दिवस म्हणाला, तू वेळ सांग, मी माझ्या फोनवर एफएम लावतो. विविध भारती एफएमवर लागतं म्हणून मीही खूश झालो. पण फोनमधला एफएम इअरफोनच्या तारेलाच एरिअल मानून चालतो, आणि सेक्रेटरीच्या नव्या महागड्या फोनला तारेचं भोकच नाही. "जुना काढून टाकला ना," तो म्हणाला, "त्याला भोक होतं."

त्यातल्या त्यात बरा श्रोता म्हणजे न्यू जर्सीतला मित्र. रात्री दहाचं छायागीत तिकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला पोचतं. हा ऑफिसात डबा उघडून ते ऐकतो. आपल्याकडे माणसं ज्या कार्यक्रमाच्या आधारानं झोपतात, त्या निवेदकाच्या मखमली आवाजात, चंद्राबिंद्राबद्दल ऐकत, कडक उन्हात, तो पोळी-भाजी खातो. त्याची तक्रार नाही. इंटरनेटवरून येणारं प्रक्षेपण मागे असतं ही मात्र अडचण. मी साध्या रेडिओवर ऐकतो, तो इंटरनेटवर ऐकतो, आणि मधे फोन चालू. मी म्हणतो, "वाहवा! काय सतार!" तो म्हणतो, "कुठली सतार? इथे दंतमंजनाची जाहिरात आहे." मी पुढचं गाणं गुणगुणायला लागतो तेव्हा त्याच्याकडे मागचं सुरू होतं. काही दिवसांनी तो म्हणाला, "तू मला गाण्यांचा शेवट आधीच सांगून टाकतोस." जे गाणं त्याला शाळेपासून पाठ आहे, त्याचा शेवट!

पूर्वी वाटून घेण्याची सोय रेडिओतच होती. 'आपली आवड'ला पोस्टकार्ड टाकायचं आणि आपलं नाव गाण्याआधी साऱ्या महाराष्ट्रानं ऐकायचं. गाणं कुणाचं हे कधी कळायचं नाही, पण ते नांदेडच्या कुठल्या कुटुंबाला आवडतं हे कळायचं. झारखंडातलं झुमरी तिलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव केवळ फर्माईशींच्या पत्रांनी देशभर गाजलं. तिथल्या लोकांना कुणी पुरावा मागितला नाही.

आणि मग मला पुणे केंद्राच्याच इतिहासातली एक गोष्ट सापडली. 1956 मध्ये युनेस्कोच्या मदतीनं केंद्रानं एक प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं काढली. ठरलेल्या दिवशी मंडळी संध्याकाळी रेडिओभोवती जमायची, अर्धा तास खताबियाण्यांबद्दल, कोंबड्यांबद्दल ऐकायची, मग त्यावर चर्चा करायची, प्रश्न केंद्राला कळवायची. नंतर त्याचा रीतसर अभ्यासही झाला. मी ते वाचून हरखलो. दीडशे गावांत माणसं कंपोस्ट खतासाठी जमू शकतात, तर एका गॅलरीत चार मित्र नभोनाट्यासाठी का जमणार नाहीत?

जमले. बटाटेवडे आहेत असं कळवलं होतं.

पहिली अडचण अशी आली की रेडिओ ऐकताना बघायचं कुठे, हे कुणालाच आठवेना. सगळे खुर्च्या ओढून रेडिओकडे टक लावून बसले, इस्पितळात पेशंटला भेटायला आल्यासारखे. सेक्रेटरीनं तर हळूच विचारलंही, "आवाज एवढाच राहणार का?" नाटक सुरू झालं. दृश्य पहिलं : पाऊस. बँकवाला उठून दोरीवरचे कपडे काढायला लागला. त्याला बसवलं. मग नाटकात दाराची कडी वाजली. माझी सूचना होती की कुणी उठायचं नाही, तरी बायको आतून "उघडते!" म्हणाली आणि उघडून आली. नायिका कुजबुजत काहीतरी भयंकर गुपित सांगत असताना प्राध्यापकांनी मागे वाजणारी सारंगी कुणाची असावी यावर मत दिलं. गुपित गेलं. ते काय होतं हे मला अजून कळलेलं नाही आणि कळायची सोय नाही.

नाटक संपल्यावर मी 1956 च्या पद्धतीनं म्हटलं, "आता चर्चा." चर्चा फर्मास झाली. नाटकातल्या पावसावरून सोसायटीच्या गळतीवर आली, गळतीवरून टाकीवर, टाकीवरून टँकरच्या दरावर, आणि बँकवाल्यानं चक्क उपयोगी आकडेमोड करून दाखवली. दीडशे गावांतही याहून वेगळं काय झालं असेल? वडे संपले, चहा झाला, रात्रीच्या बातम्याही होऊन गेल्या. निघताना सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं की दर शनिवारी असंच जमायचं, पण तासभर लवकर.

"आणि एक कर," सेक्रेटरी चपला घालता घालता म्हणाला, "पुढच्या वेळी तो रेडिओ तेवढा आतल्या खोलीत ठेव. फार मधे मधे बोलतो."