आधी कल्चरची बाटली, मग पहिली गोळी

पावसाळा लागला की लॅबच्या काउंटरवर टायफॉईडच्या रक्ततपासणीसाठी एकच धोशा: "विडाल करायचीय." तापाचा तिसरा दिवस, रिपोर्टवर '१:८० पॉझिटिव्ह', आणि संध्याकाळी सलाईनमधून सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक सुरू. माझं मत सरळ आहे. टायफॉईडच्या निदानातून विडाल हद्दपार करावी आणि ते पैसे ब्लड कल्चरला, म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत वाढवून ओळखण्याला, लावावेत.

विडाल जंतू शोधतच नाही. ती फक्त जंतूविरुद्धच्या अँटिबॉडीज मोजते. तापाच्या पहिल्या आठवड्यात त्या पुरेशा तयार झालेल्या नसतात, त्यामुळे खरा टायफॉईड निसटतो. उलट पूर्वी होऊन गेलेला टायफॉईड, टायफॉईडच्या जंतूचे साल्मोनेला कुळातले इतर भाऊबंद, अगदी मलेरियासुद्धा तिला पॉझिटिव्ह करू शकतात. "विडाल निगेटिव्ह येईपर्यंत गोळ्या घ्या" हा सल्ला तर निव्वळ अघोरी. ताप जाऊन महिने लोटले तरी या अँटिबॉडीज रक्तात असतात. आणि कोणतं औषध लागू पडेल, हे विडाल कधीच सांगू शकत नाही. आज खरा प्रश्न तोच आहे.

जुनी माणसं याला मुदतीचा ताप म्हणायची, कारण तो तीन-चार आठवडे मुक्काम ठोकायचा. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आलं आणि ती मुदत काही दिवसांवर आली. १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि आपल्याकडे केरळात कालिकतला त्याला दाद न देणारा टायफी, म्हणजे टायफॉईडचा जंतू, सापडला. ऐंशीचं दशक सरता सरता क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि को-ट्रायमॉक्साझोल ही तिन्ही औषधं एकदम निकामी व्हायला लागली. एकदम, कारण तिन्हींचा प्रतिरोध एकाच प्लास्मिडवर होता. प्लास्मिड म्हणजे डीएनएची सुटी कडी. एक जंतू ती दुसऱ्याला देऊ शकतो.

मग सिप्रोफ्लॉक्सासिनची चलती झाली. तिथे जंतूला प्लास्मिडचीही गरज पडली नाही. औषध ज्या एन्झाइमला चिकटतं, त्याच्या जनुकात एक छोटा बदल झाला आणि औषधाची पकड सैल पडली. गंमत अशी की जुन्या निकषांनुसार असा जंतू रिपोर्टमध्ये 'एस', म्हणजे सेन्सिटिव्ह, दिसायचा आणि पेशंटचा ताप मात्र हटायचा नाही. शेवटी २०१२ मध्ये निकष बदलला. जंतूची वाढ थांबवायला लागणारं कमीत कमी औषध, म्हणजे एमआयसी, आधी मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमपर्यंत चालायचं, ते ०.०६ वर आणलं. डिस्क पद्धतीत ५ मायक्रोग्रॅम औषधाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेलं निदान ३१ मिमीचं वर्तुळ लागतं. भारतातले बहुतेक सगळे टायफी या कसोटीत नापास होतात. तरीही सिफिक्झिम आणि ओफ्लॉक्सासिन एकाच गोळीत घालून सर्रास विकलं जातं. त्यातलं ओफ्लॉक्सासिन हे सिप्रोफ्लॉक्सासिनचंच भावंड, टायफॉईडसाठी बहुतेक वेळा नुसतं ओझं.

२०१६ मध्ये पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादेत सेफ्ट्रायॅक्सोनलाही न जुमानणाऱ्या टायफॉईडची साथ सुरू झाली आणि पुढे कराचीत पसरली. तोंडाने घ्यायचं एकच भरवशाचं औषध उरलं, अ‍ॅझिथ्रोमायसिन. मुंबईतल्या नमुन्यांतही सेफ्ट्रायॅक्सोन-प्रतिरोधी टायफी सापडले आहेत, आणि त्यांचा प्रतिरोध वेगळ्याच प्लास्मिडवर आहे. म्हणजे तो सिंधमधून आलेला पाहुणा नव्हे, इथेच त्याने दुसरी वाट काढली. आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन आपण साध्या सर्दी-खोकल्याला तीन गोळ्यांच्या पट्टीने उधळतोय.

आता बाटलीबद्दल, कारण बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

टायफॉईडच्या पेशंटच्या १ मिलि रक्तात अनेकदा एखादाच जंतू असतो, आणि त्यांतले बरेचसे पेशींच्या आत दडलेले. म्हणून २-३ मिलि रक्तावर मोठ्या माणसाचं कल्चर करणं म्हणजे गाळ न उपसता विहिरीत अंगठी शोधणं. मोठ्यांना दोन बाटल्या, प्रत्येकीत ८-१० मिलि. लहान मुलांना १-३ मिलि, मुलांच्या वेगळ्या बाटलीत. कातडी स्पिरिट आणि क्लोरहेक्सिडिनने पुसून पूर्ण सुकू द्यायची, त्यानंतर शीर पुन्हा बोटाने चाचपायची नाही. नाहीतर कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस बाटलीत वाढतो आणि सगळी मेहनत वाया. बाटलीचं रबरी बूचही पुसायचं. रक्त भरल्यावर बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही. नेहमीच्या तापमानातच लवकरात लवकर लॅबला पोचवायची. हे सगळं अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. डोस सुरू झाला असेल तर पुढच्या डोसाआधी घ्या. शक्यता कमी होते, संपत नाही. नीट घेतलेलं कल्चरही दर दहातले तीन-चार टायफॉईड चुकवतं, हे मान्य. पण सापडला तर जंतू हातात येतो, आणि औषधं त्याच्यावरच तपासता येतात.

रिपोर्ट साधारण तीन-चार दिवसांत येतो. त्यात जेंटामायसिन किंवा अमिकासिनपुढे 'एस' दिसलं तर हुरळून जाऊ नका. काचेच्या ताटलीत ही औषधं टायफीला मारतात, पण पेशींच्या आत पुरेशी शिरत नाहीत, म्हणून पेशंटवर फोल ठरतात. चांगली लॅब ती रिपोर्टमध्ये छापतच नाही. उलट को-ट्रायमॉक्साझोलपुढे आता बऱ्याचदा खरंखुरं 'एस' येतं. वापर थांबला तसे जुने जंतू मागे पडले. स्वस्त गोळी आहे, पण रिपोर्ट पाहून आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

आणखी एक चूक नेहमीची: दोन दिवसांत ताप उतरला नाही की औषध बदलायचं. योग्य औषधावरही टायफॉईडचा ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात, सेफ्ट्रायॅक्सोनवर कधी त्याहूनही जास्त. तापाचा आकडा रोज थोडा खाली येतोय का, भूक परततेय का, ते बघा. मात्र पोट अचानक दुखू लागलं, फुगलं किंवा शी काळी झाली तर थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. आतड्याला भोक पडण्याचा धोका तिसऱ्या आठवड्यात सर्वाधिक असतो, म्हणजे बरेच जण "आता बरं वाटतंय" म्हणून कोर्स सोडून कामावर जातात, तेव्हाच.

लसीबद्दल एवढंच. टायफॉईडची कॉन्ज्युगेट लस सहा महिन्यांपुढच्या बाळालाही चालते आणि एक डोस पुरतो. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्येच ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना ती मोहीम काढून दिली होती. बाकी महाराष्ट्रात ती अजूनही बहुतांशी ज्याच्या खिशाला परवडेल त्यालाच मिळते. तुमच्या मुलाच्या लसीकरण कार्डावर टीसीव्ही (हीच कॉन्ज्युगेट लस) असं लिहिलेलं आहे का, ते आज बघा. नसेल तर बालरोगतज्ज्ञांच्या पुढच्या फेरीत विचारा.