भोकाचा डबा की बंद डबा?

बेळगावात घरासाठी स्पीकर घ्यायचा म्हटलं की सल्लागार शहापूरपासून टिळकवाडीपर्यंत उगवतात. पहिला प्रश्न ठरलेला: "किती वॅटचा?" स्पीकरवरचे वॅट म्हणजे तो किती सोसतो तेवढंच. विचारायची ती सेन्सिटिव्हिटी. एका वॅटला एक मीटरवर 88 डेसिबल देणाऱ्याची बरोबरी करायला 85 वाल्याला दुप्पट वॅट पाजावे लागतात. हे सांगावं तर उत्तर येतं, "ते असू दे गा, बेस धडधडतोय काय?"

भांडण त्या धडधडीचंच. स्पीकरचा कोन, म्हणजे आतबाहेर हलणारा शंकू, पुढं हवा ढकलतो तेव्हाच मागं ओढतो. दोन्ही लाटा भेटल्या की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून डबा. बंद डब्यात मागची लाट कोंडून मारतात. बेस सप्तकामागे 12 डेसिबलनं, सावकाश उतरतो. भोकाच्या डब्यात पोर्टमधली, म्हणजे त्या भोकातली, हवा ठरलेल्या कंपनसंख्येला घुमते, त्यामुळे बेस आणखी खाली जातो. पण त्याखाली 24 डेसिबलनं धाडकन आपटतो, आणि हवेचा आधार सुटलेला कोन मोकाट हलतो.

दुकानात भोकवाला जिंकतो. घरी त्याची गाठ आमच्या हॉलशी: 10 बाय 12 फूट, शहाबादी फरशी, उघड्या भिंती. 12 फुटांची लांबी 47 हर्ट्झला, 10 फुटांची रुंदी 56 ला स्वतःच घुमते. त्यात मागं पोर्ट असलेला डबा शोकेसमध्ये भिंतीला चिकटून, वर क्रोशाचा रुमाल. बातम्या विहिरीतून ऐकू येतात. दोन फूट पुढं ओढावा, तर घरून विचारणा होते, "अहो, मग पाहुणे बसणार कुठं?"

इतर पंथांचं तर बोलायलाच नको. 1946 चा क्लिप्शहॉर्न हा स्पीकर खोलीचा कोपराच भोंगा म्हणून वापरतो. स्टिरिओला कोपरे लागतात दोन; आमचा एक तिजोरीकडे, दुसरा भाद्रपदात गणपतीकडे. ओपन बॅफलला, म्हणजे डब्याऐवजी नुसत्या फळीवर बसवलेल्या स्पीकरला, मागं तीनेक फूट मोकळी जागा हवी. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये कोनाऐवजी पातळ पडदा हलतो; त्याला हजारो व्होल्ट लागतात, आणि त्याला धूळ अन् दमट हवा सोसत नाही. आमचा जुलै त्याला दाखवूच नये.

माझं मत बंद डब्याला. त्याचा सावकाश उतरणारा बेस भिंत आपोआप भरून काढते. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून हाकेवर. आमचं ऐकणं तसलं. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे 69 हर्ट्झ, तो बंद डब्यात नीट येतो. 30 हर्ट्झ हवेत कुणाला? मिरवणुकीवाल्यांना.

भोकवाला आधीच घेतला असेल तर सुती पायमोजे गुंडाळून पोर्टमध्ये घाला. सैल घातले तर घुमणं कमी होतं, घट्ट बसवले तर डबा जवळजवळ बंदच. टोक मात्र चिमटीत येईल इतकं बाहेर ठेवा. आत पडले तर वूफर, म्हणजे बेसचा स्पीकर, खोलावा लागतो. पायमोजे धुतलेले असावेत, पोर्टमधून हवा बाहेरही येते.