पांढऱ्या डागांवर उपाय म्हणे बीपीची गोळी बंद!

आत्याच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मेंदूच्या एमआरआयमध्ये दिसणारे पांढरे डाग म्हणजे अल्झायमरची सुरुवात. बीपीच्या गोळ्यांनी मेंदूला रक्त कमी पडतं म्हणून ते होतात, तेव्हा आधी गोळ्या बंद करा. रोज ॲस्पिरिन घ्या. ४० दिवस बीट-लसणाचा रस प्या, डाग धुऊन निघतील. खाली हात जोडल्याची चित्रं.

आत्या ७१ वर्षांची. तिच्या रिपोर्टात 'क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फॅझेकास ग्रेड १' असं आलंय. म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांमुळे पडलेले तेच पांढरे डाग; फॅझेकास ही ते किती आहेत हे सांगणारी ० ते ३ ची पट्टी. परवा तिची गोळ्यांची डबी उघडली, तर सोमवारपासूनचे सकाळचे कप्पे जसेच्या तसे भरलेले. "त्या गोळ्यांनीच डाग पडतात म्हणे." आता गप्प कसं बसायचं?

तर आधी गोळ्याच. मेंदूत खोलवर जाणाऱ्या धमन्या एक मिलिमीटरहूनही बारीक असतात. वर्षानुवर्षं दाब चढा राहिला की त्यांच्या भिंती जाड आणि ताठर होतात, आतल्या भागाचा रक्तपुरवठा बिघडतो, आणि तो भाग एमआरआयच्या 'फ्लेअर' चित्रात पांढरा दिसतो. वाढतं वय सोडलं तर या डागांमागचं सगळ्यात मोठं कारण उच्च रक्तदाबच. मेसेजवाल्याने चोर सोडून संन्याशाला सुळावर चढवलंय.

आणि हे प्रत्यक्ष तपासून झालंय. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' चाचणीत पन्नाशीपुढच्या लोकांचे दोन गट केले होते. एकाचा वरचा दाब १४० च्या खाली ठेवायचा, दुसऱ्याचा १२० च्या खाली, म्हणजे औषधं जास्त. सुमारे ४ वर्षांनी त्यातल्या साडेचारशेच्या आसपास लोकांचे एमआरआय पुन्हा काढले. निष्कर्ष २०१९ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आले. मेसेज खरा असता तर १२० वाल्यांचे डाग जास्त वाढायला हवे होते. झालं उलटं: १४० च्या गटात डाग सरासरी १.४५ घन सेंटिमीटरने वाढले, १२० च्या गटात ०.९२ ने. गोळ्या जास्त, डागांची वाढ कमी.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. त्याच चाचणीत १२० च्या गटात मेंदूचं एकूण आकारमान किंचित जास्त घटलं होतं. म्हणून विचारशक्ती ढासळली असं मात्र नाही. सौम्य स्मृतिदोष त्याच गटात कमी निघाला. शिवाय म्हातारपणी उठून उभं राहताना दाब एकदम उतरतो, चक्कर येते, माणूस पडतो, हेही खरं. त्यासाठी उभं राहून बीपी मोजून घ्या आणि डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या. काही गोळ्या एकदम सोडल्या तर दाब उसळी मारून वर जातो.

ॲस्पिरिनचा सल्लाही धोक्याचा. डागांसोबत बारीक रक्तस्रावाच्या खुणाही असू शकतात. नुसते डाग आहेत म्हणून ॲस्पिरिन देऊ नये, असं युरोपीय स्ट्रोक संघटनेने २०२१ मध्येच सांगितलंय. ज्यांना आधी पक्षाघात झालाय किंवा हृदयात स्टेंट आहे, त्यांनी मात्र हे वाचून आपली गोळी सोडू नये, नाहीतर मीही त्या मेसेजवाल्याच्याच पंगतीत!

अल्झायमरची सुरुवात? नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात ६० ते ९० वयाच्या हजारावर लोकांचे मेंदू पाहिले, तर एकही डाग नसलेले जेमतेम ५ टक्के. ग्रेड १ म्हणजे बहुधा सुटे ठिपके. ग्रेड ३ मध्ये ते एकमेकांत मिसळून मोठे पट्टे होतात; तिथे पक्षाघात आणि स्मृतिभ्रंशाचा धोका खरंच वाढतो, ते हसण्यावारी नेऊ नये.

राहिला बीटाचा रस. त्याने डाग जात नाहीत. आत्याला बीट आवडतं, कोशिंबीर करून खुशाल खाऊ दे, सकाळची गोळी घेतल्यावर.