सोपं म्हणजे कमी मजकूर नव्हे

डोंगरातल्या पायवाटांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळांवरच्या एका लेखात ‘मजकूर जितका कमी तितकं वापरायला सोपं’ असं वाक्य होतं, ते मला अजिबात पटलं नाही. हरिश्चंद्रगडाचंच घ्या. पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी, खिरेश्वरहून टोलार खिंडीची बरीच लांब आणि बेलपाड्याची नळीची, म्हणजे अरुंद घळीतून चढणारी, वाट तर अनुभवी माणसांनीच करावी अशी. आम्ही पाहिलेल्या एका साइटवर नव्या मांडणीत हे सगळं एकाच ‘मध्यम’ शिक्क्याखाली आलं होतं. त्यावर विसंबून सासऱ्यांना घेऊन खिरेश्वरहून निघालो. खिंडीपुढच्या कातळटप्प्यावर त्यांचे गुडघे थकले, तिथूनच परत फिरलो. पाचनईहून ते नक्की वर पोचले असते, याची मला आजही चुटपुट आहे.

प्रत्येक वाटेला वेगळं पान द्या. पायथ्याचं गाव, चढायला लागणारा वेळ, पाणी कुठे मिळेल, पावसाळ्यात कुठला टप्पा निसरडा होतो, हे अगदी वर, ठळक अक्षरांत हवं. किलोमीटरवरून चढाचा अंदाज येत नाही. आणि ते पान फोनमध्ये उतरवून घेता आलं पाहिजे, कारण डोंगरात रेंज जाते. फोटोंची सरकती पट्टी काढली तरी चालेल.