वीज किती, यापेक्षा कधी आणि कुठे

एखाद्या प्रदेशात कारखाने वाढले, शहरे पसरली आणि विजेची मागणी चढू लागली की सर्वप्रथम नव्या वीजकेंद्राची घोषणा होते आणि ते किती हजार मेगावॉटचे आहे, यावरच चर्चा संपते. माझ्या मते ही चर्चा उलट्या टोकाकडून सुरू होते. वेगाने वाढणाऱ्या प्रदेशात एकूण वीज पुरेशी असूनही ती हव्या त्या तासाला किंवा हव्या त्या ठिकाणी मिळत नाही, हे दुखणे अधिक मोठे आहे.

आधी तासाचे पाहू. मागणी आणि निर्मिती यांचा मेळ क्षणोक्षणी बसावा लागतो. तो बिघडला की वीजजाळ्याची 50 हर्ट्‌झची वारंवारता, म्हणजे प्रवाहाची दर सेकंदाला होणारी आवर्तने, ढळते. सौर वीज दुपारी मुबलक असते, पण सूर्य मावळताच ती शून्यावर येते आणि नेमक्या त्याच सुमारास घराघरांतील वापर वाढतो. कोळशावरचे संच इतक्या झपाट्याने वर-खाली करता येत नाहीत. त्यामुळे दुपारी सौर वीज नाकारावी लागते आणि संध्याकाळी भारनियमन करावे लागते, असा विचित्र प्रकार घडू शकतो. दुपारच्या विजेवर पाणी वरच्या जलाशयात चढवून संध्याकाळी ते खाली सोडणाऱ्या उदंचन प्रकल्पात 100 युनिटांमागे साधारण 75 ते 80 युनिटे परत मिळतात. हा तोटा मला मुळीच महाग वाटत नाही. बॅटरीबाबत मात्र आकडा नीट वाचावा. दक्षिण ऑस्ट्रेलियात 2017 साली उभारलेली गाजलेली बॅटरी 100 मेगावॉटची होती, पण तिची साठवण 129 मेगावॉट-तास, म्हणजे पूर्ण क्षमतेने जेमतेम सव्वा तासाची. वारंवारता सावरण्यात तिने उत्तम काम केले. संपूर्ण संध्याकाळ निभावणे हे तिचे काम नव्हतेच.

ठिकाणाच्या बाबतीत टेक्सासचा दाखला बोलका आहे. सौर किंवा पवन प्रकल्प एक-दोन वर्षांत उभा राहतो, ती वीज दूरवर वाहून नेणाऱ्या पारेषण वाहिनीला मात्र त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, हे ओळखून तेथे 2005 साली कायदा झाला, भरपूर वाऱ्याचे पट्टे आधी निश्चित केले गेले आणि नव्या पवनचक्क्यांची वाट न पाहता सुमारे 5800 किलोमीटर वाहिन्या 2014 पर्यंत पूर्ण झाल्या. (याच टेक्सासमध्ये फेब्रुवारी 2021 च्या गोठवणाऱ्या थंडीत वायूचा पुरवठा आणि वीजसंच कोलमडले, हेही सांगायला हवे, केवळ तारांनी सर्व काही साधत नाही.)

सर्वांत दुर्लक्षित दुवा मात्र वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरचा आहे, कारण त्याच्या उद्घाटनाला कोणी मंत्री येत नाही. प्रवाह दुप्पट झाला की तारांमधील आणि वेटोळ्यांमधील उष्णतारूपी हानी चौपट होते. पूर्वी रात्री भार उतरे आणि आतले तेल थंड होई. आता वातानुकूलन यंत्रे पहाटेपर्यंत चालतात आणि ती उसंत उरत नाही. वेटोळ्यांवरील निरोधक कागद तापमानाच्या कमाल मर्यादेपलीकडे दर सहा ते दहा अंशांना साधारण निम्मे आयुष्य गमावतो. मग एखाद्या उकाड्याच्या रात्री ट्रान्सफॉर्मर जळतो आणि वीजकेंद्रात क्षमता शिल्लक असूनही वस्ती अंधारात बसते.

म्हणूनच नव्या वीजकेंद्राला मंजुरी देताना नियामकांनी त्याची वीज कोणत्या वाहिनीवरून आणि कोणत्या तासांना येणार, हे लेखी मागावे. आणि औद्योगिक वसाहतीचा आराखडा आखतानाच उपकेंद्राची जागा राखून ठेवावी, कारण भूखंड एकदा वाटले गेले की ती जागा कोणत्याही किमतीला सहजासहजी मिळत नाही.