अण्णांच्या कॉमेंटला उत्तर: डॅमसेल जगली म्हणजे टँक तयार झाला का?

अण्णा नमस्कार. तुमची कॉमेंट काल रात्रीच वाचली, लगेच टाइप करायला बसलो होतो पण डोकं गरम होतं म्हणून फोन बाजूला ठेवला, बरं झालं ठेवला ते. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. अण्णांचं म्हणणं असं की मी मागच्या लेखात मासे टाकायच्या आधी सहा आठवडे थांबा, रोज पाणी टेस्ट करा असं लिहून नवीन पोरांना उगाच घाबरवलंय, ते वडगावात बारा वर्षं खाऱ्या पाण्याचा टँक चालवतायत, दरवेळी चार डॅमसेल (छोटे, चिवट समुद्री मासे) टाकून पंधरा दिवसांत सायकल, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये तयार होणं, उरकतात, आणि गोवा एवढ्या जवळ असताना समुद्राचं पाणी सोडून मिठाला पैसे घालणारा माणूस येडा. येडा हा शब्द अण्णांचाच हां, माझा नाही.

एक चूक आधी कबूल करतो. टेस्टमध्ये नायट्राइट (अमोनियापासून पुढं बनणारं विष) दिसलं की मासा गेलाच असं मी लिहिलं होतं, ते गोड्या पाण्याच्या सवयीनं लिहिलं. खाऱ्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं की ते नायट्राइटला कल्ल्यातून सहज आत शिरू देत नाही, त्यामुळं एक-दोन पीपीएमनं (लिटरला एक-दोन मिलिग्रॅम) क्लाउन मासा मरत नाही, हे तुमचं बरोबर. आणि सहा आठवडे हा काय पंचांगातला मुहूर्त नाही, तेही मान्य. कुणाचं तीन आठवड्यांत होतं, टँकमधला दगड कोरडा, बॅक्टेरिया नसलेला असेल तर दोन महिने पण लागतात.

पण अमोनियाचं तसं नाही ओ. खाऱ्या टँकचा पीएच ८.१ ते ८.३, आणि पीएच जितका वर तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त, म्हणजे पीएच ७ च्या गोड्या पाण्यात जेवढा विषारी असतो त्याच्या दहापटीहून जास्त इथं. तुमची डॅमसेल त्यात मरत नाही कारण ती जातच चिवट, पण कल्ले भाजलेले असतात, आपल्याला बाहेरून दिसत नाही एवढंच. आणि जगली तरी पंचाईत. जी पहिली आत गेली तिचा टँक. मी पण पहिल्या टँकला हेच केलंय, नंतर आणलेल्या क्लाउनच्या जोडीला तिनं कोपऱ्यात असं दाबून धरलं की शेवटी तिला पकडायला रात्री अकरा वाजता सगळे दगड बादलीत काढले, तरी अर्धा तास जाळी फिरवतोय आणि ती पंपाच्या मागं.

आता मी मासा न टाकता करतो. बाजारातून एक कोळंबी आणायची, जुन्या सॉक्समध्ये घालून टँकमध्ये सोडायची, ती सडली की अमोनिया सुटतो. चौथ्या दिवशी आई विचारायला लागली घरात उंदीर मेलाय काय. टेस्ट सोपी आहे, माझ्या किटात ५ मिली पाण्यात दोन्ही बाटल्यांचे ८-८ थेंब, हलवायचं, ५ मिनिटं थांबायचं आणि पांढऱ्या कागदावर धरून उजेडात बघायचं, ट्यूबलाइटखाली नको, पिवळं पण हिरवट दिसतं. पिवळं म्हणजे शून्य. अमोनिया २ च्या आसपास गेला की कोळंबी काढून टाकायची आणि बसायचं वाट बघत. एक जातीचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि दुसरे उशिरा उठतात, म्हणून मधे नायट्राइट चढलेलं दिसतं. २ पीपीएम अमोनिया घातला आणि २४ तासांत शून्य झाला की टँक तयार, दिवस कितीही झालेले असोत. माझं म्हणणं एवढंच आहे, कॅलेंडर नको, ट्यूबचा रंग बघा. मग तपकिरी शेवाळ येईल, घाबरायचं नाही, गोगलगाय टाकायची. मासे एकदम सहा नको, दोन टाका, दोन-तीन आठवडे जाऊ देत, बॅक्टेरिया खाण्याच्या मानानं वाढतात.

गोव्याचं पाणी. उन्हाळ्यात, नदीच्या मुखापासून लांब, स्वच्छ जागेचं असेल तर खुशाल आणा, मी नाही म्हणत नाही. पण ऑगस्टमध्ये चोर्ला घाटातनं भिजत जाऊन मिरामारचे चार कॅन भरून आणले होते मी, खारटपण मोजायचा हायड्रोमीटर लावला तर १.०१२! मांडवी तिथंच समुद्राला मिळते, पावसात सगळं गोडं पाणी तिकडं. आपल्याला पाहिजे १.०२५. म्हणून मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, आरओच्या पाण्यात. आणि पाणी आटलं की भर गोड्या आरओची घालायची, मिठाची नाही, मीठ कुठं आटत नाही. १०० लिटरातले ४ लिटर आटले की खारटपण लिटरला ३५ ग्रॅमचं साडेछत्तीस होतं.

मालवणहून प्रवाळाचा दगड उचलून आणा असं जे लिहिलंय ते मात्र कृपा करून कुणाला सांगू नका अण्णा. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, समुद्री घोड्याला पण. छंदापायी केस अंगावर घ्यायची नाही.

आणि नवीन मासा पिशवीच्या पाण्यात ठेवून त्यात टँकचं पाणी थेंबथेंब सोडत, ठिबकवर दीड तास ठेवा म्हणता ते. दुकानातनं दहा मिनिटांत घरी आणलेल्या माशाला चालेल. मुंबईहून रात्रभर बसनं आलेल्या पिशवीला नाही. बंद पिशवीत माशाच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, म्हणून अमोनिया असूनही फारसा लागत नाही. तोंड उघडलं की गॅस उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. मी एक रॉयल ग्रामा मासा असाच घालवलाय, ठिबक लावून चहा प्यायला गेलो, येईपर्यंत आडवा. आता पिशवीचं खारटपण मोजतो, बरेच दुकानवाले १.०२० च्या खालीच ठेवतात, वेगळ्या टबात तेवढंच पाणी तयार ठेवतो, तापमान जुळलं की मासा थेट त्यात, पिशवीचं पाणी मोरीत. मग टबातलं खारटपण चार-पाच दिवसांत हळूहळू वर न्यायचं, आणि महिनाभर तिथंच ठेवून पांढरे ठिपके येतायत का बघायचं.

रविवारी मोकळे असाल तर या की घरी. येताना तुमच्या टँकचं पाणी एका बाटलीत आणा, दोघांचं शेजारी शेजारी ठेवून टेस्ट करू, माझं हिरवं निघालं तर चहा माझ्याकडून. कोळंबीचा वास आता गेलाय, आई पण तसं म्हणतेय.