अभ्यासाच्या वेळापत्रकात उजळणीची तारीख आधी लिहा

डिसेंबर उजाडला की कनिष्ठ महाविद्यालयांच्या आवारात आणि घराघरांत ‘पोर्शन संपला का?’ हा एकच प्रश्न ऐकू येतो. अकरावी-बारावीला गणित शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि एमएचटी-सीईटी, जेईई या अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या वह्या व वेळापत्रके मी सतत पाहत आलो आहे. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की, या एका प्रश्नाभोवती आखलेला अभ्यास बहुतेक विद्यार्थ्यांना त्यांच्या कुवतीपेक्षा कमी गुणांवर आणून सोडतो. वेळापत्रकात प्रकरणांची नावे असतात, त्यांपुढे तास लिहिलेले असतात आणि अगदी शेवटी, बोर्डाच्या परीक्षेनंतरच्या मोकळ्या दिवसांसमोर ‘रिव्हिजन’ असा एकच शब्द लिहिलेला असतो. माझा आग्रह याच्या उलट आहे. उजळणीच्या तारखा आधी ठरवाव्यात आणि त्यांतून उरलेल्या जागेत नवीन प्रकरणे बसवावीत.

याचे पहिले कारण परीक्षेच्या रचनेतच आहे. सीईटीच्या पीसीएम गटात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांचे प्रत्येकी 50 असे एकूण 150 प्रश्न असतात आणि एकूण गुण 200. यातला साधारण 20 टक्के भाग अकरावीच्या निवडक प्रकरणांवर आणि 80 टक्के भाग बारावीवर असतो. याचा अर्थ प्रत्येक विषयात दहाच्या आसपास प्रश्न अकरावीचे येतात आणि गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा असल्यामुळे तिन्ही विषय मिळून सुमारे 40 गुण अकरावीच्या पुस्तकात असतात. मोशन इन अ प्लेन, लॉज ऑफ मोशन, ऑप्टिक्स, केमिकल बाँडिंग, हायड्रोकार्बन्स, स्ट्रेट लाइन, सर्कल, पर्म्युटेशन्स, लिमिट्स ही प्रकरणे विद्यार्थ्याने शेवटची केव्हा हाताळलेली असतात? बहुतेकांच्या बाबतीत उत्तर ‘अकरावीच्या वार्षिक परीक्षेत’ असे येते. बोर्डाचा लेखी पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीवरच असल्याने संपूर्ण बारावीत अकरावीची वही कपाटाबाहेर येत नाही. बोर्ड संपल्यावर सीईटीपर्यंत जे काही आठवडे मिळतात, त्यांत ही प्रकरणे पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागतात. त्याला उजळणी म्हणता येत नाही.

दुसरे कारण स्मरणाच्या स्वभावात आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर केलेल्या आणि 1885 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दाखवून दिले की, विसरण्याचा वेग सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि नंतर तो मंदावतो. त्यामुळे एखादे प्रकरण शिकून झाल्यावर पहिली उजळणी चार महिन्यांनी ठेवणे म्हणजे सर्वांत मोठी गळती होऊन गेल्यावर तिकडे लक्ष देणे होय. मी विद्यार्थ्यांना सांगतो तो क्रम साधा आहे: त्याच दिवशी रात्री दहा-पंधरा मिनिटे, मग आठवड्याने, मग महिन्याने, आणि पुढे परीक्षेपर्यंत दर दोन महिन्यांनी एकदा. हे आकडे काही दगडावरची रेघ नव्हेत. परीक्षा जितकी दूर, तितके दोन उजळण्यांमधले अंतर मोठे चालते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. मात्र प्रकरण शिकून झाले त्याच दिवशी पुढच्या तिन्ही तारखा दिनदर्शिकेत लिहून ठेवल्या पाहिजेत. लिहिल्या नाहीत, तर त्या तारखा येऊन निघून जातात हे मी वारंवार पाहिले आहे.

आता उजळणी म्हणजे नेमके काय, याकडे येतो. सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो. बहुतेक मुले वही उघडतात, आधीच पिवळ्या पेनाने रंगवलेल्या ओळींवरून नजर फिरवतात, सोडवलेली उदाहरणे वाचतात, ‘हे येतंय’ असे मनात म्हणतात आणि पान उलटतात. नजरेला ओळखीचे वाटणे आणि हाताला लिहिता येणे यांत फार अंतर असते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने दिलेला मजकूर पुन्हा वाचला आणि दुसऱ्या गटाने मजकूर न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना स्पष्टपणे मागे टाकले. आपल्या मुलांची फसगत नेमकी याच पाच मिनिटांत होते. रात्री वाचले तेव्हा सगळे येत होते आणि परीक्षेत आठवले नाही, ही तक्रार खरी असते. ती मुले खोटे बोलत नसतात आणि आळशीही नसतात. त्यांनी निवडलेली पद्धत त्यांना त्या क्षणापुरता चुकीचा दिलासा देते.

म्हणून उजळणीची सुरुवात पुस्तक मिटून आणि कोरा कागद समोर घेऊन व्हावी. उदाहरणार्थ, इंडेफिनिट इंटिग्रेशनची प्रमाण सूत्रे आठवून लिहावीत. मग लगेच कळते की छेदात एक्स वर्ग वजा ए वर्ग असताना आणि ए वर्ग वजा एक्स वर्ग असताना लॉगच्या आत काय येते, यात आपला गोंधळ होतो आहे. वही वाचताना हा गोंधळ कधीच दिसत नाही, कारण तिथे दोन्ही सूत्रे शेजारी शेजारी नीट लिहिलेली असतात. रसायनशास्त्रात आल्डिहाइड तयार करण्याच्या नामांकित अभिक्रिया घ्या. रोझेनमुंडमध्ये अॅसिड क्लोराइडपासून सुरुवात होते, स्टीफनमध्ये नायट्राइलपासून, एटार्डमध्ये टोल्युइनपासून आणि गाटरमन-कोचमध्ये बेंझीनपासून. या चारही अभिक्रिया वेगवेगळ्या दिवशी एकेक करून वाचल्या तर सोप्या वाटतात, पण एका कोऱ्या पानावर सुरुवातीचा पदार्थ, अभिकारक आणि उत्पादित अशा तीन रकान्यांत चारही एकदम लिहायला बसल्यावर खरी स्थिती समजते. जे आठवले नाही तेवढेच लाल पेनाने लिहावे आणि पुढच्या उजळणीची सुरुवात त्या लाल अक्षरांपासून करावी.

याला जोडूनच दुसरी गोष्ट येते, ती म्हणजे मिश्र सराव. प्रकरणाच्या शेवटी दिलेले स्वाध्याय सोडवताना कोणती पद्धत वापरायची हे प्रकरणाचे नावच सांगून टाकते. परीक्षेत प्रश्नाच्या डोक्यावर असे नाव नसते. उतारावरून घरंगळणाऱ्या वस्तूचा प्रश्न ऊर्जेच्या अक्षय्यतेने सोडवायचा की बल आणि त्वरण मांडून, हा निर्णय विद्यार्थ्यालाच काही सेकंदांत घ्यायचा असतो आणि त्या निर्णयाचा सराव वर्षभर झालेलाच नसतो. रोहरर आणि टेलर यांनी 2007 मध्ये गणिताच्या उदाहरणांवर केलेल्या अभ्यासात, वेगवेगळ्या प्रकारची उदाहरणे मिसळून सोडवणारे विद्यार्थी सरावाच्या वेळी मागे होते, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत पुढे निघाले. पालकांनी हे विशेष समजून घ्यावे, असे मला कळकळीने वाटते. मिश्र सराव सुरू केल्यावर पहिले काही आठवडे गुण घसरतात; त्या घसरणीला घाबरून क्लास बदलणे किंवा मुलावर ओरडणे हे नुकसानीचे असते.

वेळेचा हिशेबही प्रत्येक परीक्षेसाठी वेगळा मांडावा लागतो. सीईटीत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या 100 प्रश्नांना 90 मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. गणिताच्या 50 प्रश्नांना पुढची 90 मिनिटे, म्हणजे एकाला 108 सेकंद. पहिल्या भागात वेळ वाचवून तो गणिताला देता येत नाही. जेईई मेनमध्ये 75 प्रश्नांना तीन तास, म्हणजे सरासरी 144 सेकंद मिळतात, पण तिथे बरोबर उत्तराला चार गुण असून चुकीच्या पर्यायासाठी एक गुण वजा होतो, तर सीईटीत वजा गुण नाहीत. जानेवारीत जेईई, नंतर बोर्ड, नंतर पुन्हा जेईई आणि सीईटी अशी रांग लागलेली असताना एकाच सवयीने सगळे पेपर सोडवणारा विद्यार्थी कुठे ना कुठे अडकतो. सीईटीसाठी बालभारतीच्या पुस्तकातील प्रत्येक सूत्र आणि प्रत्येक स्वाध्याय झटकन आठवला पाहिजे. जेईईसाठी एनसीईआरटीचा पाया आणि दोन-तीन संकल्पना जोडणारे प्रश्न हवेत. दोन्हींचा अभ्यासक्रम बराच सामाईक आहे, परंतु सरावाचा वेग सामाईक नाही. त्यामुळे आठवड्यातील सराव चाचण्या कोणत्या परीक्षेच्या घड्याळावर सोडवायच्या, हे वेळापत्रकात स्वतंत्र लिहावे.

मॉक टेस्टबद्दल थोडे अधिक कठोरपणे लिहितो. तालुक्याच्या गावांतही आता टेस्ट सिरीजची जाहिरात शंभर-शंभर पेपरांच्या आकड्यावर होते आणि मुले पेपरमागून पेपर देत राहतात. पेपर दिला, गुण पाहिले आणि पुढच्या पेपराकडे वळले, तर त्या तीन तासांचे मोल निम्म्याहूनही कमी राहते. जेवढा वेळ पेपराला दिला, तेवढाच त्याच्या तपासणीला द्यावा. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर कारण लिहावे: संकल्पनाच माहीत नव्हती, माहीत होती पण आठवली नाही, आकडेमोडीत घसरलो, की वेळ संपला. या चारही चुकांची औषधे वेगवेगळी आहेत. पहिलीसाठी पुस्तकाकडे परत जावे लागते, दुसरीसाठी उजळणीची तारीख अलीकडे ओढावी लागते, तिसरीसाठी कच्चे काम नीट मांडण्याची शिस्त लागते आणि चौथीसाठी प्रश्न सोडून पुढे जाण्याचा सराव. नुसते ‘सिली मिस्टेक झाली’ असे म्हणून सगळ्यांवर एकच पांघरूण घालणाऱ्या विद्यार्थ्याला पुढच्या पेपरातही तीच चूक भेटते.

खर्चाचा मुद्दाही बोलायला हवा, कारण महागडा क्लास परवडत नाही म्हणून आपण शर्यतीतच नाही असे समजणारी अनेक हुशार मुले मी पाहतो. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, जेईईचे जुने पेपर ती परीक्षा घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या संकेतस्थळावर असतात आणि आयआयटी कानपूरने शिक्षण मंत्रालयासाठी उभारलेले ‘साथी’ हे व्यासपीठही विनामूल्य आहे. वर सांगितलेल्या उजळणीला कोरे कागद आणि एक दिनदर्शिका यापलीकडे काही लागत नाही. सीईटीत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रश्न मराठीतही उपलब्ध असतात, गणिताचे मात्र इंग्रजीतच. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी गणिताच्या संज्ञा पहिल्या दिवसापासून इंग्रजीतून वाचण्याची सवय लावून घ्यावी.

वेळापत्रक आखताना आठवड्यातला एक अर्धा दिवस, शक्यतो रविवारची दुपार, पूर्ण रिकामा ठेवावा. लग्नकार्य, आजारपण, एसटी चुकणे, कॉलेजचे प्रॅक्टिकल यांमुळे राहिलेले काम त्या वेळेत भरून निघते आणि बॅकलॉग पुढच्या आठवड्यावर चढत नाही. काहीच राहिले नसेल तर तो वेळ झोपेला किंवा खेळाला द्यावा. त्यात अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

परीक्षेआधीच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत नवीन प्रकरण उघडू नये, मग ते कितीही ‘हमखास गुण देणारे’ म्हणून कोणी सांगितलेले असो. हॉल तिकिटावर सकाळचे सत्र असेल तर सराव पेपर सकाळीच सोडवावा, दुपारचे असेल तर जेवणानंतरच्या सुस्तीतच सोडवावा, आणि उरलेला वेळ वर्षभर साठलेल्या त्या लाल अक्षरांच्या पानांना द्यावा.